बाप्तिस्म्यानंतरच्या निंदणाचं काय? : आमच्या वडीलमंडळीस खुले पत्र

माननीय पाळकसाहेब, वडीलमंडळी, आणि आसपासच्या गावांतल्या लहान मंडळ्यांच्या कमिट्यांवरचे भाऊ-बहिणी,

जय ख्रिस्त.

हे मी आधी अर्ज म्हणून कमिटीकडे देणार होते. पण अर्ज दिला की तो ‘पुढच्या सभेत विचारार्थ’ जातो आणि पुढची सभा पेरणीमुळे होत नाही, हे मी तीस वर्षं पाहते आहे. म्हणून उघडच लिहिते. रागावू नका, आणि रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वावरात कापसाचा पहिला वेचा सुरू होता. सहा-सात बायका ओटी बांधून तासांत, म्हणजे पिकाच्या ओळींत, उभ्या. त्यात आपल्या मंडळीतली ती म्हातारी, जिला सगळं गाव ‘माय’च म्हणतं. तिला अक्षर येत नाही, आणि उपासनेत ती नेहमी दाराजवळ बसते. शेजारच्या तासातून ती मला म्हणाली, “बाई, तू कधी बिमार पडली त तुही साक्ष मीच देऊन देईन. मले पाठ झाली.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. संध्याकाळी चुलीपुढे बसल्यावर मात्र ते हसू राहिलं नाही.

माझी साक्ष, म्हणजे मी विश्वासात कशी आले ती गोष्ट, तुम्हा सगळ्यांनाच पाठ आहे. 1987 साल, मी बावीस वर्षांची, उज्जीवन सभेची तिसरी रात्र, मी रडत पुढे गेले आणि गुडघे टेकले. ती खरी आहे. त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण पस्तीस वर्षं मी तेवढीच सांगत आले. त्या रात्रीनंतर काय झालं, हे मला कोणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं फार नव्हतं. संडे स्कूल घेतलं, महिला मंडळाचा हिशेब ठेवला, नाताळला करंज्या तळल्या. आणि त्याच काळात नऊ वर्षं माझ्या सख्ख्या जाऊबाईशी एक शब्द बोलले नाही. कारण? दोन ओळींएवढा धुरा, शेताच्या हद्दीचा बांध. प्रभूभोजनाच्या रविवारी आम्ही दोघी एकाच बाकावर, दोन टोकांना. एकाच ताटातली भाकर. पाळक बदलून गेले, चौघांनी आम्हाला भाकर दिली, एकानंही विचारलं नाही. त्यांचा दोष नाही म्हणा. आम्ही दोघीही पांढऱ्या साड्या नेसून फार छान दिसत असू.

आता मुद्द्यावर येते. आपल्या मंडळीच्या रजिस्टरात रकाने आहेत: बाप्तिस्मे किती, लग्नं किती, दफनविधी किती, दान किती. बाप्तिस्मा घेतलेला माणूस पाच वर्षांनी कुठे पोचला, याला रकाना नाही. रकान्यानं ते मोजता येणार नाही, मला कळतं. पण ज्याला रकाना नाही त्याबद्दल आपण बोलतही नाही. सहा रविवारांचा वर्ग होतो, पाण्यात उतरतो, फोटो निघतो, आणि पुढच्या रविवारी तो माणूस ‘झाला’. पेरणी झाली, उगवण दिसली, कास्तकार घरी जाऊन झोपला. निंदणाला कोणी फिरकलंच नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिणारा चिडलेला आहे. म्हणतो, एवढ्या काळात तुम्ही शिक्षक व्हायला हवे होता, आणि तुम्हाला अजून दूधच लागतं. आपल्याकडे सहा महिन्यांच्या पोराचंही उष्टावण करतात. आपल्या मंडळीचं उष्टावण कधी झालं, सांगा बरं. नवखे आपण नाही. नागपुरात मिशनचं काम 1845 मध्ये सुरू झालं. माझे पणजोबा 1900 च्या दुष्काळात अनाथ पोर म्हणून मिशनच्या आश्रमात आले. तुमच्यातल्याही अर्ध्या घरांची कहाणी तिथूनच सुरू होते. पाच-पाच पिढ्या झाल्या, आणि रविवारचा उपदेश अजून ‘तारण पावा’ या शब्दाच्या पुढे सरकत नाही. ज्यांचं तारण झालंय ते बाकांवर बसून तो ऐकतात आणि मान डोलावतात, कारण त्यात त्यांना काही करायचं नसतं.

माझ्या म्हणण्याला मोठ्या माणसांचा आधार देते, म्हणजे ‘बाई डोक्यात जाते’ असं म्हणायला थोडं जड जाईल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की त्या दिवशी ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त स्वतः मिळायला आणखी आठ वर्षं लागली. संस्कृतात मोठमोठ्या पंडितांना गप्प करणारी बाई, आणि आठ वर्षं! शिवाय ती कबूल करायची हिंमत. त्यापुढेही त्या थांबल्या नाहीत. हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र उतरवत बसल्या. 1922 मध्ये त्या गेल्या. पुस्तक पूर्ण छापून बाहेर आलं 1924 मध्ये.

दुसरे ना. वा. टिळक. 1893 मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, आपल्याच भंडारा-गोंदियाच्या वाटेनं. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि वाचीन असं कबूल करून घेतलं. बाप्तिस्मा झाला फेब्रुवारी 1895 मध्ये. मधला सगळा काळ वाचणं, वाद घालणं, तळमळणं यात गेला. आणि मग पन्नाशी उलटल्यावर, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, येशूला मानणारे सगळे एकत्र. ते बरोबर होतं की चूक, यावर आजही वाद होईल, आणि मला स्वतःला त्यातलं सगळं पटत नाही. पण बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर तो माणूस अजून हलत होता. त्या सभेनंतरच्या बाविसाव्या वर्षी मी नाताळच्या करंज्या मोजत होते.

तर मायच्या त्या टोमण्यानंतरचा नाताळ झाला आणि जानेवारीत मी आमच्या अंगणात वाचन सुरू केलं. तुम्हाला विचारलं नाही, त्याची माफी मागते. गुरुवारी रात्री आठला, भाकरी-भाजी आटोपून. नऊ जणी, कधी चार, वेचणीच्या दिवसांत एकही नाही. मार्काचं शुभवर्तमान घेतलं, कारण ते सर्वांत लहान. सोळा अध्याय, आठवड्याला अर्धा, म्हणजे बत्तीस आठवडे असा माझा हिशेब. लागलं सव्वा वर्ष. लाईट गेली तर मोबाइलवर मराठी बायबल ऐकायचं, नाहीतर मी कंदिलाशी वाचायचं.

चौथ्या अध्यायात तो दाखला आहे. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं, वाढतं; कसं ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. मी वाचून थांबले. माय म्हणाली, “ह्यानं निंदलं नाही का?”

मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

“नुसता झोपला न उठला? डवरन नाही, निंदन नाही? असा कास्तकार मले त दाखवा.”

एक म्हणाली, तिकडे गहू असंल, पऱ्हाटी (कापूस) थोडीच हाय. दुसरी म्हणाली, दिवसभर राबला म्हणून तर रात्री झोप लागली त्याले. मग माझी सून, जी एरवी अशा बैठकीत तोंड उघडत नाही, म्हणाली, “निंदलं तरी वाढवलं त्यानं नाही ना, आई. आपण पऱ्हाटीले ओढून लांब करतो का?”

अर्धा तास हेच चाललं. मी तीस वर्षं संडे स्कूलमध्ये हा दाखला शिकवला आहे, फळ्यावर चित्रं चिकटवून. एकाही पोरानं मला हे विचारलं नव्हतं, कारण मी विचारायला जागाच ठेवली नव्हती. त्या रात्री मी पौलाचं ते वाक्य शोधून वाचलं: मी लावलं, अपुल्लोसानं पाणी घातलं, वाढवलं देवानं. आणि लूकातला तो अंजीर. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक तोडायला सांगतो. माळी म्हणतो, यंदा राहू द्या, भोवती खणतो, खत घालतो. माळ्यानं ‘फळ आणून दाखवतो’ असं म्हटलेलं नाही, हे मला साठीला टेकल्यावर दिसलं. त्याच्या हाती खणणं आणि खत एवढंच. वडीलमंडळींनो, माझं मागणंही तेवढंच आहे. माझ्या आत्म्याची वाढ तुमच्या हाती नाही. पण माझ्या भोवतीची जमीन कोणी खणली?

आता जरा कडू. तीन रात्रींची उज्जीवन सभा आपण दर फेब्रुवारीत घेतो. मंडप, साउंड, जनरेटर, पाहुण्यांचं जेवण, गाडीभाडं. मी त्याच सभेतून आले आहे, ती बंद करा असं मी कशी म्हणेन? पण वर्षाची सगळी ताकद आणि जवळजवळ सगळा पैसा तीन रात्रींत संपतो, आणि उरलेल्या तीनशे बासष्ट रात्रींना आपल्याकडे रोज सकाळी ग्रुपवर येणारं गुलाबाच्या फुलाचं वचन तेवढं असतं.

आणि त्या मंचावरून काय बोललं जातं, तेही कोणी तपासत नाही. एका वर्षी पाहुण्या उपदेशकानं सांगितलं, जितकं पेराल त्याच्या शंभरपट देव देईल, आज रात्री ‘बी’ म्हणून मोठी नोट ठेवा. त्या साली आपल्याकडे दुबार पेरणी झालेली. कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असताना लोकांनी नोटा ठेवल्या. शंभरपट हा आकडा त्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात आहे खरा, पण तिथं पेरलं जातं ते वचन, हे मार्कानंच खाली उलगडून सांगितलंय. कोणी उठून तेवढं म्हणालं नाही. मीही नाही. ज्यांना शंभरपट आलं नाही त्यांना वाटलं, आपलाच विश्वास कमी पडला. दोन घरं त्यानंतर उपासनेला येईनाशी झाली. त्यांना आपण ‘विश्वासात मागे पडलेले’ म्हणतो. मला वाटतं त्यांना मागे ढकललं गेलं, आणि आपण बघत उभे होतो.

पऱ्हाटीचं तुम्हाला मी काय सांगावं. युरिया जास्त पडला, पाऊस लांबला, की ती माणसाच्या डोक्यावर जाते. धुऱ्यावरून बघणारा म्हणतो, काय पीक आहे! आत शिरा, तर पात्या गळलेल्या आणि बोंडं मोजकीच. मग शेंडा खुडावा लागतो. योहानाच्या पंधराव्या अध्यायात बाप फळ देणाऱ्या फाट्यालाही छाटतो, हे वाचून शहरातल्या माणसाला वाईट वाटत असेल. तुरीचे शेंडे खुडलेल्या बाईला वाटत नाही. आपली मंडळी उंच झाली आहे. की-बोर्ड आला, ड्रम आले, प्रत्येक सणाला फ्लेक्स लागतो, त्यावर कमिटीचे फोटो. की-बोर्डशी माझं भांडण नाही, माझा नातूच वाजवतो. पण आत शिरून बोंडं मोजणार कोण?

2017 चा हंगाम आठवा. त्या साली पऱ्हाटी अशीच उंच गेली होती, तीत शिरून फवारणी केली आणि विष तोंडावर आलं. यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. आपल्या मंडळीतला एक तरुण मजूर त्यात होता. त्याला दिसेनासं झालं होतं. आपण साखळी प्रार्थना ठेवली. माइक माझ्याच हातात होता, आणि प्रार्थना चांगली झाली असं मला चौघांनी सांगितलं. त्याच आठवड्यात माय एसटीनं गेली आणि चार रात्री त्याच्या खाटेखाली वळकटी टाकून झोपली. हे मला दोन वर्षांनी त्या पोराकडूनच कळलं. मी तिला विचारलं तर म्हणाली, “त्याले माय नाही ना, बाई.” मग म्हणाली, “तू प्रार्थना केली ना, तेही लागते.” ती टोमणा मारत नव्हती, म्हणून जास्त लागलं.

तिचा बाप्तिस्मा माझ्या नंतरचा आहे. तिला आपण कधी साक्ष द्यायला उभं केलेलं नाही, कारण तिला ‘बोलता येत नाही’.

जाऊबाईचं राहिलं. मार्काच्या अकराव्या अध्यायात वाक्य आहे: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर क्षमा करा. त्या गुरुवारी वाचणारी मीच होते. हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं असेल, पण या वेळी समोर बसलेल्या आठही जणींना धुरा माहीत होता. कोणी काही बोललं नाही. सुनेनं खाली बघितलं. उपदेशात हे होत नाही, साहेब. तिथं माझ्याकडे कोणी बघत नसतं.

लगेच गेले असं समजू नका. चार महिने लागले. जानेवारीत वाटीभर तुरीचे सोले घेऊन गेले. तिनं घेतले, बस म्हणाली नाही. वाटी परत आली नाही, तर ती मागायच्या निमित्तानं पुन्हा गेले, तेव्हा बस म्हणाली. मोजणीचा अर्ज अजून पडून आहे, धुरा जिथं होता तिथंच आहे, आणि खरं सांगू? माझ्या मते तो अजूनही माझाच आहे. पण नवऱ्याच्या दुखण्यात रात्री दीड वाजता तिनं माझ्याच दाराची कडी वाजवली. 1987 नंतर सांगण्यासारखी माझ्याकडे ही पहिली गोष्ट आहे, आणि ती घडायला मला पस्तीस वर्षं अधिक चार महिने लागले.

तुमच्याकडून काय हवं ते सांगते. पाळकसाहेब, तुमच्याकडे पाच गावं आणि एक मोटारसायकल आहे, तुमच्यावर आणखी एक बैठक टाकायची नाही. उलट कमिटीला विचारते: पाळकाच्या स्वतःच्या आत्म्याचं कसं चाललंय, हे शेवटचं कोणी विचारलं? पगार तीन महिने थकतो तेव्हा तो माणूस कशाच्या बळावर उपदेश करतो? त्यांनाही महिन्यातून एक दिवस वाचायला, गप्प बसायला मोकळा द्या. माझ्या लहानपणी यवतमाळच्या बायबल सेमिनरीतली मुलं सायकलनं आमच्या गावात यायची, ओसरीवर बसून आमच्या आजोबांशी वाद घालायची. आजोबांना ती फार आवडायची, कारण त्यांना ‘माहीत नाही’ म्हणता यायचं. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला गेली, मी तेव्हा अठराची. तशी मुलं आता येणार नाहीत. पण ओसऱ्या आहेत ना.

सभा तीन रात्रींऐवजी एक रात्र करा. वाचलेल्या पैशातून मोठ्या अक्षरांचे नवे करार घ्या. आपल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना दिसत नाही म्हणून त्या वाचत नाहीत आणि लाजेनं सांगत नाहीत. प्रत्येक वस्तीत एक अंगण ठरवा. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला वर्षभरासाठी एका जुन्या माणसाच्या हाती सोपवा, आणि तो जुना माणूस पदावरचाच असावा असं नाही. मायच्या हाती मी माझ्या नातवाला डोळे मिटून देईन. साक्षीच्या रविवारी नियम करा की जुनी साक्ष चालणार नाही, गेल्या वर्षभरातलं सांगा. नसेल तर ‘नाही’ म्हणा आणि खाली बसा. पहिल्या वेळी मी ‘नाही’ म्हणून बसेन, म्हणजे बाकीच्यांना सोपं जाईल. उपदेशानंतर दहा मिनिटं प्रश्नांना ठेवा. बायकांचे प्रश्न ऐकून घ्यायची तयारी ठेवा, कारण ‘निंदलं नाही का’ हे एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि वडीलमंडळींपैकी कोणी गुरुवारी आलंच, तर खुर्ची मागू नये. आमच्याकडे खुर्ची आली की बायका बोलायच्या थांबतात.

सध्या योहान चालू आहे. येत्या गुरुवारी चौथा अध्याय, विहिरीवरच्या बाईचा; गेल्या वेळी ‘पहिल्या पाच नवऱ्यांचं काय झालं’ यावरच गाडी अडली, म्हणून तो पुन्हा घेतोय. जाऊबाई दोनदा आल्या, कडेला बसल्या, काही बोलल्या नाहीत. आठ वाजता या. नाल्याकडच्या खांबावरचा दिवा ग्रामपंचायतीनं अजून लावलेला नाही, तेव्हा टॉर्च आणा, आणि बसायला आपापलं पोतं.

आपल्याच मंडळीतली,
एक सभासद
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ